शेहेचाळीस लडी

अक्का, तुमची चूक होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांत मी तुमच्याविषयी कुणापुढे वावगा शब्द काढलेला नाही. पण मनात हे वाक्य होतंच. सकाळी देवापुढे बसलो की डोळे मिटल्यावर पहिल्यांदा तेच समोर यायचं, मग नामस्मरण. आता पन्नाशी जवळ आली. म्हटलं, एकदा कागदावर उतरवावं. जे पाहिलं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं, उद्या पाहणारा माणूस वेगळा असतो, असं तुम्हीच सांगायचात. मी वीस-बावीस वर्षं उशीर केला.

निमित्त झालं ते गेल्या रविवारी. तुमची भाची जे. पी. नगरहून बस बदलत माझ्याकडे चामराजपेटला आली. हातात कापडी बांधणीची निळी वही होती. "अण्णा, हे बघा काय सापडलं. मावशीच्या ट्रंकेत, रेशमी लुगड्यांच्या खाली." मी वही उघडायच्या आधीच ओळखली. कव्हरवर तुमच्या अक्षरात 'जपून ठेवणे' असं लिहिलं होतं, ते मात्र माझ्या माहितीतलं नव्हतं. आत पानापानांवर गोल, आणि प्रत्येक गोलात आकडे घातलेल्या शेहेचाळीस काड्या. तुमचा फोटो आता आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागणार आहे, त्या दिवशी एक छोटी पुस्तिका निघणार आहे, आणि तिचं काम भाचीकडे आहे. ती भराभर बोलत होती. "अण्णा, मी प्रयोगशाळेत विचारून आले. हल्ली ते सिद्ध करतायत ना, केंद्रकात प्रत्येक गुणसूत्राची आपली आपली जागा असते म्हणून, ते मावशीनं वीस वर्षं आधीच काढून ठेवलंय हो! तुम्ही रोज तिच्याबरोबर होता. दोन ओळी लिहून द्या. चालेल ना? सरी ना?"

"सरी नाही," मी म्हणालो. "ही वही तिची नाही. माझी आहे."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. "अण्णा, अक्षर तिचं आहे की."

"कव्हरवरचं तिचं. आतलं माझं. आणि आत जे आहे त्यावर तिचा विश्वास नव्हता. तिनं मला त्यावरून चांगलं झापलं होतं."

तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला एवढं दिलं तर तुमचं काय बिघडतं?" मी म्हणालो, "बिघडतं." माझी बायको आतून चहा घेऊन आली तोवर तुमची भाची चपला घालत होती. वही मात्र तिनं माझ्याकडेच ठेवली. "पुढच्या रविवारी येते. तोपर्यंत विचार करा," म्हणाली. आज शुक्रवार आहे, अक्का. त्या दोन ओळी अजून लिहायच्या आहेत आणि त्यांच्याऐवजी मी हे लिहीत बसलो आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. शाळा गावातली, मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीतून, इंग्रजी नुसतं वाचण्यापुरतं. घरी दोन माग, वडील आणि थोरला भाऊ त्यावर बसायचे. मला वाटलं होतं तुम्ही मार्क विचाराल. तुम्ही म्हणालात, "हात दाखव." मग टेबलाच्या खणातून शिवायचं सूत काढलंत, तोडलंत आणि माझ्यापुढे धरलंत. "जोड." मी कोष्ट्याची गाठ मारली, डाव्या हाताच्या दोन बोटांत, सूत ओठांनी ओलं न करता. तुम्ही ती गाठ भिंगाखाली धरून पाहिलीत. "सरी. उद्यापासून ये," एवढंच बोललात. बाहेर तुमचे दोन एमेस्सी झालेले उमेदवार बसले होते. त्यांना तुम्ही परत पाठवलंत, हे मी विसरलेलो नाही. आज तुमच्याशी भांडतो आहे, पण तेही इथे लिहून ठेवतो.

काम हाताचंच होतं. रुग्णाचं थोडं रक्त बाटलीत तीन दिवस वाढवायचं, पेशी दुभंगायला लागल्या की नेमक्या त्या क्षणी औषध घालून थांबवायच्या, कारण तेवढ्याच वेळात गुणसूत्रं आखडून काड्यांसारखी सुटी दिसतात. मग नळीतला एक थेंब थंड ओल्या काचेवर उंचावरून सोडायचा. थेंब आपटतो, पेशी फुटते, आतल्या काड्या पसरतात. खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, हा तुमचा नियम. "खाली वाकलास तर त्या पसरत नाहीत, एकमेकींवर पडतात, आणि मग मला आईबापांना काय सांगायचं तेच कळत नाही." मग फोटो काढायचा, एकेक काडी कात्रीनं कापायची, जोड्या लावून कार्डावर चिकटवायच्या. त्यासाठी लागणारी मैद्याची खळ तुम्ही बसवनगुडीच्या घरी स्वतः शिजवायचात, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. तुमच्या आई दारात उभ्या राहून चिडायच्या, "स्वयंपाकघरात विष! उद्या सांबारात पडेल तेव्हा कळेल!" आणि तुम्ही म्हणायचात, "अम्मा, स्वल्प थांब, झालंच."

त्या स्वयंपाकघरातच मी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. मी ओट्याला टेकून उभा आहे, तुम्ही खळ ढवळताय. दुभंगताना काड्या दिसतात ते ठीक, पण एरवी, पेशी आपलं रोजचं काम करत असते तेव्हा, केंद्रकाच्या जागी नुसता जांभळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात ही शेहेचाळीस कशी असतात? तुम्ही शेजारच्या पातेल्यावरचं झाकण काढलंत. आत शेवयांची खीर होती. "अशी," म्हणालात. "शिजलेल्या शेवया. कुठली कुठं सुरू होते आणि कुठं संपते, कुणाला सांगता येतं?" मी खीर खाल्ली. पण उत्तर पटलं नाही. आमच्या घरी कोपऱ्यात वेताची मोठी टोपली असायची, तिच्यात सुताच्या लडी. एकेक लड उलगडली तर गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढं सूत तिच्यात, आणि तरी टोपलीत हात घातला की हवी ती लड वेगळी निघायची. एकमेकींना चिकटून, दाबून, पण आपापली. ज्या दिवशी लडी एकमेकींत गुंततील त्या दिवशी माग बंद. मी स्वतःशी म्हणालो, जी पेशी रोज काम करते, रोज ठरलेलं सूत काढून वापरते आणि वेळ आली की सगळं बिनचूक आवरून दुभंगते, ती शेवयांच्या पातेल्यावर कशी चालेल? हे मला कुणी पुस्तकात दाखवलं नव्हतं. कोष्ट्याच्या घरात गुंता चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

तिथून ती वही सुरू झाली. नीट न पसरलेल्या, एकमेकींवर पडलेल्या काड्यांच्या पेशी तुमच्या नियमानं बाद. काचेवर शाईची फुली मारायची आणि पुढे जायचं. मी त्या बाद पेशी पाहू लागलो. मला वाटायचं, चांगली पसरलेली पेशी म्हणजे घर पाडून विटा अंगणात मांडलेल्या. बाद पेशीत भिंती अजून थोड्या उभ्या असतात. जेवणाच्या सुट्टीत मी एकेका बाद पेशीचा नकाशा काढायचो, कुठली काडी कुणाच्या शेजारी, कुठली मध्ये, कुठली काठाला. महिने गेले. आकडे परत परत तेच शेजार दाखवतायत असं मला दिसू लागलं. त्याच दिवसांत हासनकडच्या एका बाईच्या लेकराचं रक्त वाया गेलं, आठवतं? सगळ्याच काचा खराब निघाल्या. तुम्ही तिला समोर बसवलंत आणि म्हणालात, "अम्मा, आमच्याकडे वीज गेली, वाढवलेलं रक्त बिघडलं. चूक आमची आहे." ती तीन आठवड्यांनी परत आली, लेकरू कडेवर घेऊन, बसनं. तुम्ही स्वतः उठून तिला पाणी दिलंत.

आयुधपूजेचा दिवस मी मुद्दाम निवडला होता. गावाकडे त्या दिवशी माग थांबतो, धोट्याला हळदकुंकू लागतं. इथे त्या दिवशी रिक्षा, छापखान्यातली यंत्रं, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. तुम्ही भिंगाजवळ कुंकू येऊ द्यायचा नाहीत, म्हणून मी सूक्ष्मदर्शकाच्या पायाशी फक्त एक फूल ठेवलं, नमस्कार केला, आणि वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही उभ्यानंच पानं चाळलीत. आधी सावकाश, मग भराभर. तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"उंचावरून थेंब आपटतोस, घर फोडतोस, आणि मग कुठल्या खोलीत कोण राहत होतं ते सांगतोस?"

"अक्का, या बाद पेशी आहेत. या पुऱ्या फुटलेल्या नाहीत."

"अर्ध्या फुटल्यात. ते आणखी वाईट." मग तुमची नजर त्या फुलावर गेली. "हे बघ. तुझ्या देवघरात प्रत्येक देवाची जागा ठरलेली असते, म्हणून तुला पेशीतही देवघर दिसतं. देवघर घरी ठेव. इथे काच पुसून ठेव."

प्रयोगशाळेचा झाडूवाला म्हातारा दारात उभा होता. त्यानं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मी काच पुसली. वही तुम्ही टेबलाच्या खणात टाकलीत, मी ती परत मागितली नाही, तुम्ही दिली नाही. त्यानंतर सहा वर्षं आपण एकत्र काम केलं, माझ्या लग्नात तुम्ही इरकल नेसून आलात, बायकोला चांदीचा कुंकवाचा करंडा दिलात, पण वहीचं नाव निघालं नाही.

त्या दिवशी मी बोललो नाही, ते आज बोलतो. माझ्या घरातले देव मी मांडतो, अक्का, ते आपोआप ओळीनं येऊन बसत नाहीत. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला एवढाही फरक कळत नाही असं तुम्हाला का वाटलं? श्रद्धेमुळे मला प्रश्न सुचला असेल. सुचू दे. तुमच्या त्या शेवया कुठून आल्या होत्या? ओट्यावर पातेलं होतं म्हणून! तुम्ही स्वयंपाकघरातून बोललात तर ते विज्ञान, आणि मी देवघरातून बोललो तर भाबडेपणा. तुमच्या शिकलेल्या, पुस्तकं वाचणाऱ्या घरातून माझ्या टोपलीकडे तुम्ही कधी नीट पाहिलंच नाहीत. हाताची गाठ पाहून नोकरी दिलीत, पण त्या हाताला डोकंही जोडलेलं आहे हे तुम्हाला शेवटपर्यंत जड गेलं.

आणि मी बरोबर होतो. दीड वर्षापूर्वी इथल्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत परदेशातून नवी रीत आली, एकाच गुणसूत्राला चिकटेल असा चमकणारा रंग. आमच्या प्रयोगशाळेतून ते बघायला मला पाठवलं. पुण्याहून आलेली एक मुलगी तिथे काम करते, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. अंधाऱ्या खोलीत तिनं मला स्टुलावर बसवलं. "काका, पटकन बघा हं. रंग लगेच उडतो, लाइट फार वेळ ठेवता येत नाही." मी डोळा लावला. निळं केंद्रक, न फुटलेलं, अखंड. आणि त्यात दोन हिरवे पुंजके. एक इथे, एक तिथे. एकाच गुणसूत्राची जोडी, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. सगळ्या केंद्रकात विखुरलेल्या हिरव्या शेवया नाहीत. दोन लडी. मला त्या क्षणी आमच्या घरातला सुताला लावायच्या खळीचा वास आला, खरंच आला. मुलगी म्हणाली, "टेरिटरी म्हणतात याला. प्रत्येकाची आपापली." मी म्हणालो, "ठाऊक आहे." ती म्हणाली, "वाचलंत का कुठे?" मी म्हणालो, "नाही."

मग मी विचारलं, "आणि शेजारी? कुणाच्या शेजारी कोण, ते ठरलेलं असतं?"

"नाही ना, काका. ॲक्च्युअली आत्तापर्यंत तरी प्रत्येक सेलमध्ये शेजारी वेगळेच दिसतात. पूर्वी लोकांनी फुटलेल्या पेशींवरून शेजार शोधायचा ट्राय केला होता, पण त्यात काय अर्थ आहे? घरच पाडलं तर..." आणि ती हसली. तिला काय माहीत ती कुणाचं वाक्य बोलत होती. मी दिवा बंद करायला सांगितला.

म्हणजे मी दोन गोष्टी म्हणालो होतो. प्रत्येकाची जागा असते, ही पहिली. ती खरी निघाली, आणि ती मला टोपलीनं सांगितली होती. प्रत्येकाचे शेजारी ठरलेले असतात, ही दुसरी. ती वहीनं सांगितली होती, आणि तीच खोटी निघाली. गेलं दीड वर्ष मी स्वतःला असं सांगत आलो की अर्धं का होईना, मी जिंकलो. तुमच्या भाचीला नाही म्हणालो तेही याच तोऱ्यात. खरं तेच छापायचं, अक्कांच्या नावावर दुसऱ्याचं काही जाता कामा नये, त्यांनाही ते चाललं नसतं, असं बरंच काही मी तिला पुढच्या रविवारी सुनावणार होतो.

काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर वही शेवटपर्यंत पाहिली. शेवटच्या नकाशाखाली, अगदी कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं तुम्ही लिहिलं आहे, 'थेंब कुठल्या उंचीवरून?'

एवढंच. खाली रेघ नाही, तारीख नाही.

अक्का, तुम्ही हे मला तोंडानं का नाही विचारलंत? सहा वर्षं रोज समोर बसत होतात. देवघराचा टोमणा मारायला जीभ वळली आणि हे विचारायला वळली नाही? विचारलं असतंत तर मी खोटं बोललो नसतो. आता तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं असं दिसतंय, आणि तरी हासनच्या त्या बाईपुढे तुम्ही वीज गेल्याचं सांगितलंत. त्या आठवड्यात वीज गेली नव्हती. मला वाटायचं तुम्ही चौकशी न करता तसंच समजून चाललात. मला हवे होते तसे नकाशे चांगल्या पसरलेल्या पेशींत मिळत नव्हते, बाद पेशी पुरेशा पडत नव्हत्या, म्हणून मी त्या पाडू लागलो होतो. काचेवर वाकून, अगदी जवळून, थेंब हळूच ठेवायचो. काड्या पसरायच्या नाहीत, नळीत आखडताना जशा एकमेकींना चिकटल्या तशाच पडायच्या, आणि मी त्याला शेजार म्हणायचो. त्या लेकराच्या सगळ्या काचा मी तशाच केल्या होत्या. त्यात त्याच्या आईला हवं ते उत्तर कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. ती परत आली तेव्हा मी आतल्या खोलीत बाटल्या धूत होतो. बाहेर आलो नाही.

तरीही तुमची चूक होती, हे मी मागे घेत नाही. पेशीत शेवया नाहीत, लडी आहेत, आणि हे तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते मी. भाचीला द्यायच्या दोन ओळींतली पहिली मी आज लिहिली: ही वही माझी आहे, आणि अक्कांचा तिच्यावर विश्वास नव्हता. दुसरी ओळ लिहायला बसलो आणि दोन तास हा कागद भरला. ती लिहून झालेली नाही. होईल असं वाटत नाही.

एवढं मात्र केलं. वहीच्या शेवटच्या पानावर, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांखाली, शाईनं एक शब्द लिहिला: 'वीतभर.' रविवारी वही भाचीला परत देईन. तिला त्या शब्दाचा अर्थ लागणार नाही, ती विचारेल, आणि मी सांगणार नाही. हा कागदही वहीत ठेवणार नाही. तो देवघराच्या खालच्या खणात राहील.